ऊब जाते कुठे?

मित्रांनो, जरा जवळ या. लांबून पाहिले तर मी नुसती एक लाकडी पट्टी वाटतो. कोणीतरी फूटपट्टी टांगून ठेवली आहे, असे कितीतरी पाहुण्यांना वाटून गेले आहे. जवळ आलात की काचेची बारीक नळी दिसेल, तिच्या तळाशी वाटाण्याएवढा लाल फुगा दिसेल आणि नळीत वरखाली होणारी लाल रेघही दिसेल. मी एक जुना तापमापक आहे. आजारी माणसाच्या काखेत ठेवतात तो मी नव्हे. तो आमच्यातला डॉक्टर. मी आपला खोलीचा. खोली किती गरम आणि किती गार, एवढेच मला कळते आणि एवढेच मी सांगतो.

पण तेवढे सांगता सांगता मला चौकशीची खोड लागली. ती कशी लागली, ते आधी सांगतो.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. एका फुंकणाऱ्याने गाल फुगवून माझा फुगा तयार केला, दुसऱ्याने त्यात लाल रंगाचे स्पिरिट भरले आणि नळीचे तोंड ज्योतीवर धरून बंद करून टाकले. मग माझी रवानगी आकडे घालणाऱ्या बाईंकडे झाली. त्यांनी मला बर्फाच्या पाण्यात बुडवले. माझी रेघ अशी काही खाली पळाली, की मला वाटले, आता संपलो! तिथे त्यांनी एक खूण केली. मग मला कोमट पाण्यात ठेवले. रेघ आनंदाने वर चढली आणि तिथे दुसरी खूण झाली. शेवटी मला बाहेर काढून टेबलावर आडवे ठेवले.

आणि तिथेच ते घडले. मला कोणी हात लावत नव्हते, फुंकर घालत नव्हते, तरी माझी रेघ हळूहळू खाली उतरू लागली. पाण्यातली ऊब माझ्यात आली होती, हे मला समजले. पण माझ्यातून निघून ती गेली कुठे? मी टेबलाकडे पाहिले, बाईंच्या हाताकडे पाहिले. कोणी काही घेतल्याचे दिसत नव्हते. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा नीट झालाय. जिथे ठेवाल तिथलं खरं सांगेल." माझे कौतुक झाले, पण माझा प्रश्न तसाच राहिला.

मला विकत घेतले एका रंगाऱ्याने. त्याच्या बोटांना पांढरा रंग लागलेला होता आणि तो फार घाईत होता. त्याच्या घरी मुलगी जन्मली होती, तीही वेळेच्या बरीच आधी. ती इतकी लहान होती, की तिला चिमी म्हणू लागले आणि तेच नाव पुढे जन्मभर टिकले. डॉक्टरांनी सांगितले होते, की खोली उबदार राहिली पाहिजे. म्हणून मला मधल्या खोलीत, हीटरच्या बाजूच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगण्यात आले.

त्या थंडीत माझ्याइतका मान घरात कोणालाच नव्हता. येणारा जाणारा आधी माझ्याकडे पाहायचा आणि मग बाळाकडे. चिमीच्या आईने नळीशेजारी नखाला लावायच्या रंगाचा ठिपका दिला होता. रेघ त्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा घरचा नियम होता. पहारा होता चिमीच्या मोठ्या भावाचा, दादाचा. तो तेव्हा शाळेत जाऊ लागला होता. स्टुलावर उभा राहून तो माझ्याकडे टक लावून बघायचा आणि रेघ जरा घसरली की ओरडायचा, "आई, लाल खाली आलं!" एकदा गंमत झाली. आई पटकन येईना, तेव्हा त्याने माझ्या फुग्यावरच तोंडाने हा-हा करून वाफ सोडली. रेघ वर गेली. त्याला वाटले, झाले बहिणीचे काम! आईला कळल्यावर ती हसून हसून खुर्चीत बसली. तिने त्याला जवळ घेऊन सांगितले, "अरे वेड्या, खोली गरम करायची आहे, याला नाही."

मी त्या दोघांना इतक्या लहानपणापासून ओळखतो, म्हणून त्यांच्याविषयी एकेरीत बोलतो. राग मानू नका. आता दोघांचेही केस पांढरे झाले आहेत.

चिमी जगली आणि चांगली धडधाकट झाली. ठिपका पुसट होत गेला. दादाच्या फुंकरीचा उपयोग भलतीकडेच झाला. तो नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला आणि गल्लीत लोक त्याला बँडमास्तर म्हणू लागले, जरी खरे मास्तर वेगळेच होते. चिमी लाँड्रीत कामाला लागली. मोठमोठ्या इस्त्र्या, वाफेची यंत्रे, चादरींचे ढीग. आई-बाबा एकामागून एक गेले आणि घर दोघांच्या नावावर झाले. दादाची बायको लग्नानंतर फार वर्षे राहिली नाही, आजाराने गेली. चिमीने लग्न केले नाही. अशी ती भावंडे त्याच घरात राहिली. वरची खोली दादाची, मागची चिमीची आणि मधली दोघांची. मधल्या खोलीत मी होतोच.

बरीच वर्षे बरी गेली. मग दादा निवृत्त झाला आणि जवळपास त्याच सुमारास गॅस महाग झाला. महाग म्हणजे असा, की बिल आले की चिमी ते उघडायच्या आधी चष्मा पुसायची. आमचा हीटर गॅसवर चालतो. त्याला एक गोल खटका आहे, इकडे फिरवला की ऊब वाढते, तिकडे फिरवला की कमी होते. मित्रांनो, जगातली किती भांडणे जमिनीवरून आणि सोन्यावरून झाली असतील, मला माहीत नाही. आमच्या घरचे भांडण त्या खटक्यावरून झाले.

काय व्हायचे ते नीट ऐका. दादा दिवसभर घरात बसायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत. त्याला थंडी वाजायची. तो खटका वाढवायचा. संध्याकाळी चिमी लाँड्रीतून यायची. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे गाल लाल झालेले असायचे. दारातून आत येताच ती स्वेटर काढायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "दादा, हा बघ काय सांगतोय! चांगली ऊब आहे की. मग हीटर एवढा कशाला?" आणि ती खटका कमी करायची.

"तू भट्टीतून येतेस आणि मला विचारतेस?" दादा म्हणायचा.

"मग तापमापक खोटं बोलतोय का?"

ती स्वयंपाकाला वळली, की तो उठून हळूच खटका पुन्हा वाढवायचा. तिच्या कानाला तो 'टक्' आवाज बरोबर ऐकू जायचा.

मला मात्र वेगळेच कोडे पडले होते. हीटर चालू असेपर्यंत माझी रेघ ठीक असायची. बंद केला, की ती भरभर घसरायची. इतकी भरभर, की जणू कोणीतरी घराला खालून भोक पाडले आहे. चिमीच्या लहानपणी असे नव्हते. दारे तीच, भिंती त्याच. मग ऊब जात कुठे होती? मी दिवसभर विचार करायचो. दुसरे काम तरी काय होते?

भावंडांनाही तो प्रश्न पडलाच, पण त्यांना उत्तर फार लवकर सापडले. दादाचे उत्तर चिमी होते. "तू जाता येता दार उघडं टाकतेस." चिमीचे उत्तर दादा होते. "तू वरच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून बसतोस, मला ठाऊक आहे." दोघेही एकमेकांवर पाळत ठेवू लागले. मी सगळे पाहत होतो. दार नीट लागत होते. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, पण मला आवाज नाही, फक्त रेघ आहे.

एका हिवाळ्यात बोलणे इतके वाढले, की ते बंदच झाले. म्हणजे एकमेकांशी बंद झाले, माझ्याशी सुरू झाले. दादा माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "तापमापका, हिला सांग, दूध उतू जातंय." चिमी कपड्यांच्या घड्या करता करता म्हणायची, "तापमापका, त्याला सांग, मला नाक आहे, वास येतोय." असल्या निरोपांची मला सवय नव्हती. पहिल्यांदा मजा वाटली. पुढे वाटेनाशी झाली.

शेजारच्या काकू कधी कधी वाटीभर साखर मागायला यायच्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. खूप बोलक्या, एकट्या राहणाऱ्या आणि अंगावर कायम एक जाड तपकिरी शाल. त्या दोघांकडे आळीपाळीने बघायच्या आणि वाटी न भरताच निघून जायच्या.

मग दादाने आपले अंथरूण, विजेची छोटी शेगडी आणि किटली वरच्या खोलीत नेली. तो खाली येईनासा झाला. ट्रम्पेट तर त्याने केव्हाच पेटीत बंद केले होते, बोटे आखडतात म्हणायचा. एका रविवारी मात्र तो खाली आला आणि या खेपेस तो माझ्याशी बोलला नाही, थेट चिमीशी बोलला.

"मी मेहुण्याकडे राहायला जातोय. हे घर विकू. तुझा वाटा तुला, माझा मला."

चिमीच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिने त्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"घर विकून मी कुठे जाऊ?"

"मला नाही माहीत, चिमे. पण या बर्फाच्या पेटीत मला मरायचं नाही."

तो वर गेला. चिमी बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. माझी रेघ चांगली वर होती. मला वाटते, त्या दिवशी पहिल्यांदा तिला माझा राग आला.

लाँड्रीत कामाला असलेल्या बायकांची एक गोष्ट चांगली असते. तिथे एकीचे दुःख दुसरीला कळायला वेळ लागत नाही, कारण चादरीची दोन टोके दोघींनी धरायची असतात. चिमीने घडी घालता घालता सगळे सांगितले असणार. तिच्या मैत्रिणीने तिला सरकारच्या एका योजनेविषयी सांगितले. ज्यांना घर उबदार ठेवणे परवडत नाही, त्यांना हिवाळ्याच्या बिलात सूट मिळते. शिवाय घरच असे दुरुस्त करून देतात, की कमी गॅसमध्ये ऊब टिकावी. आधी तपासणी होते, तीही फुकट. चिमी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या मदत केंद्रात जाऊन आली. येताना तिचा चेहरा अर्धा खुश आणि अर्धा पडलेला होता. तपासणीला बाई येणार होत्या. पण घर दोघांच्या नावावर. पुढच्या कामाला दोघांची संमती हवी.

काकूंनी साखर नेता नेता आपले मत दिलेच. "सरकार काही फुकट देत नसतं गं. भिंतीला भोकं पाडून जातील आणि परत येणार नाहीत. मला तर बाई थंडीची सवय आहे."

तपासनीस बाई आल्या त्या सकाळी बाहेर गोठवणारी थंडी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी गुणगुणणारी बाई. त्यांनी गाडीतून सामान उतरवले आणि मी तर पाहतच राहिलो. मागच्या दाराच्या चौकटीत त्यांनी लाल कापड ताणून बसवले. त्या कापडाला गोल भोक आणि त्या भोकात मोठा पंखा.

"हे काय करतेय ही?" वरून दादाचा आवाज आला. जिज्ञासा आमच्या घरात माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेली नव्हती.

"घरातली हवा बाहेर खेचणार," बाई वर बघून म्हणाल्या. "मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसेल. घर स्वतःच सांगेल, कुठे फुटलंय ते. दारं, खिडक्या बंद करा तेवढ्या."

पंखा सुरू झाला. आणि मित्रांनो, आमचे घर वाजू लागले! आधी बारीक सुस्कारे आले. मग खिडकीच्या चौकटीतून एक तीक्ष्ण शीळ. मग कुठूनतरी एक खोल, जाड, गंभीर सूर, मोठ्या शंखातून यावा तसा. चिमी घाबरून खुर्चीला धरून उभी राहिली. जिन्यावर पावले वाजली. दादा खाली आला होता, पायात मोजे, खांद्यावर ब्लँकेट आणि मान एका बाजूला झुकलेली. तो ऐकत होता.

"ही शीळ खिडकीची," तो पुटपुटला. "पण हा खालचा सूर... हा कुठल्या फटीचा नाही. याला लांब नळी लागते."

"नळी?" तपासनीस बाईंनी गुणगुणणे थांबवले.

"लांब आणि रुंद. फुंकणाऱ्या माणसाला कळतं ते."

तो भिंतीला कान लावत पुढे सरकू लागला. बाई हातात धुराची कांडी घेऊन त्याच्या मागे आणि त्यांच्या मागे चिमी. मी खिळ्यावर अडकलेला, नाहीतर मीही गेलो असतो. मोठ्या कपाटापाशी दादा थांबला. बाईंनी कपाटाच्या कडेला धूर धरला. तो एकदम खोलीच्या आत उडाला, जणू कपाटामागे कोणीतरी फुंकर मारत होते. तिघांनी मिळून कपाट सरकवले. मागे एक फळी होती, कडेने कुजलेली. फळीमागे काळोख होता.

"अगं, ही तर भिंतीतली जुनी शेगडी!" दादा म्हणाला. "चिमे, तू तेव्हा नव्हतीस. हीटर आला तेव्हा बाबांनी ही बंद केली होती."

फळी एका बाजूने उखडली होती आणि वर, छपरापर्यंत गेलेले धुराडे उघडेच होते. इतकी वर्षे आम्ही मधली खोली तापवत होतो आणि ऊब कपाटामागून निवांतपणे आभाळात जात होती. मला सांगा, मी किती वर्षे वाट पाहिली होती या उत्तराची! माझी रेघ थंडीने खाली उतरत होती, पण माझा आनंद नळीत मावत नव्हता.

बाईंनी मग उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. त्याच्या पडद्यावर गरम जागा पिवळ्या, तांबड्या आणि गार जागा निळ्या, जांभळ्या दिसतात. त्यांनी छत दाखवले. तिथे निळे निळे चौकोन होते. वर माळ्यावर ऊब अडवायला काहीच घातलेले नव्हते. चिमीला गंमत वाटली. "माणसं कशी दिसतात यात?" तिने विचारले. बाईंनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. ती पडद्यावर दिव्यासारखी तांबडी, पिवळी झळकत होती. "आणि दादा?" बाईंनी कॅमेरा त्याच्याकडे फिरवला.

चिमी बघत राहिली. दादाचे तोंड पिवळे होते. पण हात जांभळे होते आणि मोज्यांतले पाय तर मागच्या भिंतीत विरघळून गेल्यासारखे निळे, दिसतच नव्हते.

"एवढे गार आहेत तुझे पाय?" ती हळूच म्हणाली.

"सांगत तर होतो."

"पण हा..." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "हा तर कायम..."

तपासनीस बाईंनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिले. मग त्यांनी मला खिळ्यावरून उचलले. मित्रांनो, त्या घरात आल्यापासून मला कोणी त्या भिंतीवरून हलवले नव्हते. हीटर माझ्या शेजारी होता आणि मी हीटरशेजारचे खरे सांगत आलो होतो. बाईंनी मला खिडकीजवळ, दादाच्या खुर्चीच्या हातावर ठेवले. माझी रेघ खाली गेली, आणखी खाली गेली, त्या पुसट ठिपक्याच्याही खाली. आम्ही चौघे ते बघत होतो.

शेवटी चिमी म्हणाली, "इथे बसायचास तू रोज."

"उजेड असतो इथे," दादा म्हणाला. मग त्याने विचारले, "आणि दार? ते नीट लागतं की नाही?"

बाईंनी पुढच्या दाराच्या कडांवर धूर फिरवून दाखवला. तो सरळ उभा राहिला, जराही हलला नाही. दादाने मान खाली घातली. "तुझं दार पक्कं आहे, चिमे. चूक झाली माझी."

मला वाटले, आता सगळे ठीक होणार. पण माणसांचे असे असते, की मोठा डोंगर चढून झाला की ती शेवटच्या पायरीला अडखळतात. संमतीची गोष्ट निघाली आणि दादा एकदम ताठ झाला. "सरकारी मदत म्हणजे लोकांच्या दयेवर जगणं. मी जन्मभर कोणापुढे हात पसरला नाही. दुरुस्ती आपल्या पैशांनी होत नसेल, तर घर विकलेलं बरं."

तपासनीस बाई काही बोलणार होत्या. पण चिमीच बोलली आणि ती माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून बोलली.

"दादा, तुला पगार कोण द्यायचं?"

"नगरपालिका. का?"

"बागेत तू वाजवायचास ते ऐकायला कोण यायचं?"

"कोणीही यायचं. सगळ्यांसाठीच होतं ते."

"त्यांना दया दाखवत होतास का तू?"

बाईंनी पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली. त्यांना बहुतेक हसू लपवायचे होते. दादा म्हणाला, "तुझं तोंड लहानपणापासून असंच आहे." आणि त्याने चष्मा मागितला, सही करायला.

सरकारचे काम सावकाश चालते, त्यामुळे काकूंचा संशय काही अगदी खोटा वाटत नव्हता. त्या हिवाळ्यात बिलात सूट मिळाली आणि धुराड्याच्या तोंडाशी बाईंनी तात्पुरता बोळा बसवून दिला, तेवढेच. बाकीच्या कामाला झाडांना पालवी फुटेपर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात दादा मेहुण्याकडे गेला नाही. खुर्ची मात्र त्याने हलवली. किंवा चिमीने हलवली. मला नक्की सांगता येणार नाही, कारण दोघेही दुसऱ्याचे नाव सांगतात.

मग कामगार आले. माळ्यावर लोकरीसारख्या जाड गाद्या अंथरल्या. धुराडे नीट बंद केले, पण आत ओल धरू नये म्हणून हवेला जरा वाट ठेवली. खिडक्या बदलणे योजनेत बसत नव्हते, म्हणून त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या. न्हाणीघरात वाफ बाहेर टाकणारा छोटा पंखा बसवला. घरभर धूळ झाली. चिमीने मला एका टॉवेलात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवले.

मित्रांनो, त्या खणातून मी बरेच दिवस बाहेर आलो नाही. भिंतीवर माझ्या जागी एक नवीन पांढरी चौकोनी डबी आली. तिला आकडे आहेत, दिवा आहे आणि ती हीटरला स्वतःच हुकूम देते. खटका फिरवायची गरजच उरली नाही. मी खणात पडून राहिलो, दोऱ्याची रिळे, मेणबत्तीचे तुकडे आणि बंद पडलेल्या घड्याळाबरोबर. हिवाळा आला हे मला माझ्याच नळीवरून कळले. आणि तो हिवाळा आधीच्या हिवाळ्यांसारखा नव्हता, हेही कळले. हीटर थांबल्यावर मी श्वास रोखून धरायचो. आता घसरेल, आता घसरेल. पण माझी रेघ अशी हळू उतरायची, जशी आजी जिना उतरते.

वाईट वाटले का? वाटले. इतकी वर्षे सगळ्यांची नजर माझ्यावर होती आणि आता कोणालाच मी हवा नव्हतो. पण खणात असले तरी कानावर येते. एका दुपारी वरच्या खोलीतून ट्रम्पेटचा आवाज आला. आधी नुसतीच थुंकी उडाल्यासारखा, मग फाटका, मग एक लांब, नितळ सूर. संध्याकाळी चिमी घरात शिरता शिरताच म्हणाली, "बँडमास्तर, कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय. जरा दमानं!" आणि दोघे हसले. तेव्हा मला वाटले, ठीक आहे, खणात राहीन मी.

पण कालच खण उघडला. चिमीने रिळांमध्ये हात घालून मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि हातात घेऊन ती बाहेर निघाली. दादा मागोमाग होता. आम्ही शेजारच्या दारात उभे राहिलो. काकूंनी दार उघडले. अंगावर तीच तपकिरी शाल होती, पण चेहरा पहिल्यासारखा नव्हता आणि खोकला थांबत नव्हता.

"काकू, तुम्ही बसता कुठे?" चिमीने विचारले.

"बसते कुठे म्हणजे? ही काय, इथे. आणि मला काही नको हं. मला सवय आहे थंडीची."

"नको तर नको. फक्त याला थोडा वेळ इथे ठेवते."

तिने मला काकूंच्या खुर्चीच्या हातावर टेकवून उभे केले. मी माझे काम केले. माझी रेघ खाली उतरू लागली आणि त्या तिघांनी ती उतरताना पाहिली. काकूंनी शाल आणखी घट्ट लपेटून घेतली. दादाने खुर्ची ओढली आणि तो त्यांच्यासमोर बसला. "त्या तपासनीस बाई परवा येतील," तो म्हणाला. "मी बोललोय त्यांच्याशी. तुमचं घर कसं वाजतं, ते ऐकायचंय मला."

"मेलं, घर कधी वाजतं का?" काकू म्हणाल्या. पण त्यांनी नाही म्हटले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, मला थंडी वाजते, तर त्याला अंगभर कपडे घाल म्हणून गप्प करू नका. तो बसतो तिथे जाऊन थोडा वेळ बसा. भिंतींवरून हात फिरवा, कपाटांमागे डोकावा, विचारा. आणि मदत मिळत असेल तर ती घ्यायला लाजू नका. ती सगळ्यांची असते, तुमचीही. आणि जो माणूस, मला सवय आहे, असे म्हणतो, त्याच्याकडे तर आधी जा.

काल ती भावंडे गेल्यावर काकू माझ्यापाशी एकट्याच बसल्या. "एवढा गारठलास होय रे?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी खांद्यावरची शाल काढून माझ्याभोवती गुंडाळली. मी काचेचा आणि लाकडाचा. शाल काही स्वतः गरम नसते, ती फक्त असलेली ऊब राखते आणि माझ्यात राखायला काहीच नव्हते. माझी रेघ तसूभरही वर गेली नाही. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या हसल्या, त्यांनी शालीचे एक टोक स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतले आणि मला उचलून, शालीसकट, आपल्या कुशीत धरले.

रेघ वर चढू लागली.